दीक्षाने केलेली कॅप

दीक्षा दापोडीला राहते आणि दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून आलेल्या मापांवरून कॅपा आणि कवळ्या बनवायच्या, हे तिचं काम. कामाला लागल्यावर तिने आपल्या वडिलांसाठी, भिवांसाठी, वरच्या डाव्या दाढांवर बसणारी तीन दातांची धातूची कॅप स्वतः घडवली. चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले भिवा भेटेल त्याला तोंड उघडून दाखवायचे, "पोरीनं केलीय!"

यंदा त्यांचा डावा गाल बधिर झाला, वर थोडी सूजही आली. आत गाठ तर नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला.

तपासणी संपल्यावर टेक्निशियन भाग्यश्रीने दीक्षाला पडद्याजवळ बोलावलं. गालाच्या जागी शाई सांडल्यासारखा काळा डाग होता. दीक्षाने त्यावर बोट ठेवलं.

"गाठ आहे?"

"हा डाग गाठीचा नाही, कॅपचा आहे," भाग्यश्री म्हणाली. "मशीन म्हणजे मोठा चुंबक. काही धातूंमुळे आजूबाजूचं चित्रच पुसलं जातं. बाबांना धोका नाही, पण बघायचं तेच झाकलंय. सेटिंग बदलूनही पाहिलं मी."

इतकी वर्षं दीक्षाने धातूची मजबुती पाहिली होती, चकाकी पाहिली होती. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

कॅप काढायची म्हटल्यावर भिवा बिथरले. "सूज गोळीनं जाईल. ती न्हाई काढायची."

"बाबा, कॅपा मी आणखी दहा करीन. आत काय आहे ते आधी कळू दे."

ते चप्पल घालून उभे राहिले. कासारवाडीच्या दातांच्या डॉक्टरांनी कॅप कापून काढली.

चार दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी गालाच्या आतलं सगळं स्पष्ट दिसत होतं. गाठ नव्हतीच. गालामागच्या पोकळीत, सायनसमध्ये, पू साचला होता, औषधाने जाणारा. रिपोर्ट ऐकून दीक्षा बाहेरच्या पायरीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. भिवा तिच्या शेजारी बसले. "चल, चहा घेऊ," एवढंच म्हणाले.

नवी कॅप तिने झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकची केली. त्याचा तपासणीच्या चित्राला फारसा त्रास होत नाही, हे तिने आधी विचारून घेतलं.

औषधाच्या तिसऱ्या आठवड्यात दाढी करताना भिवा ओरडले. दीक्षा धावत आली, तर बधिर झालेल्या डाव्या गालावर रक्ताचा थेंब आणि म्हातारा खूश.

"झोंबलं गं!" ते म्हणाले. "चांगलं झोंबलं!"