आप्पांचा गुंडू आणि माझी टिकटिकी

माझ्या सासुरवाडीच्या पोपटाला पाहुणा दिसला की पाठ फिरवायची सवय मी लावली, आणि तीही शास्त्रशुद्ध पद्धतीनं.

खरं तर तो पोपट माझ्या हाती लागायचं काहीच कारण नव्हतं. कागलला माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या घरात, पुढच्या सोप्यात अकरा वर्षं त्याचा पिंजरा टांगलेला होता. नाव गुंडू. (पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे म्हणे. तो कायदा तेव्हा कागलला उतरला नसावा, एसटी थेट निपाणीला गेली असेल.) गुंडूला एकच वाक्य यायचं, पण काय वाक्य! उंबऱ्यात कुणाचंही पाऊल पडलं की, "या पावणं! बसा! च्या घ्या!" आप्पांना स्वतःला बोलायचा भारी कंटाळा. घरातलं आदरातिथ्याचं खातं त्यांनी गुंडूकडंच सोपवलं होतं.

दोन हजार सालाच्या आसपास आप्पा आणि अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, महिनाभर काशीला निघाले. निघताना आप्पांनी पिंजरा माझ्या हातात दिला. माझ्या! चौदा वर्षांच्या जावईपणात त्यांनी माझ्यावर सोपवलेला हा दुसराच जीव. (पहिला त्यांची मुलगी. तिच्याबद्दल ते अजून हळहळतात.)

या अविश्वासाला कारण होतं. मी जन्मजात उशिराचा माणूस. मेव्हण्याच्या लग्नात फोटो काढायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. रोल धुऊन आला, तेव्हा त्यात अक्षता पडतानाचा एकही फोटो नव्हता. पडलेल्या अक्षता डोक्यातून झाडणाऱ्या बायकांचे मात्र आठ होते. नवरीनं हार घातला तो क्षण नव्हता, मानेत टोचणारा हार सरळ करणारा मेव्हणा होता. आप्पांनी अल्बम शेवटपर्यंत बघितला, मिटला आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, लगीन झाल्याव आलतासा काय?"

तर तेच आप्पा पिंजरा देताना म्हणाले, "जसा हाय तसा परत पायजे. आल्याव मावंदं घालणार हाय. दारात गुंडू पायजे. संकेश्वरचं व्याही येनार हाईत."

काशीहून आल्यावर पै-पाहुण्यांना जे जेवण घालतात, ते मावंदं. आणि संकेश्वरचे व्याही म्हणजे त्याच मेव्हण्याचे सासरे. मानपानाला असे कडक, की एकदा ताटात लिंबाची फोड मागाहून आली म्हणून भरल्या पंगतीतून उठले होते. त्यांच्यासमोर आप्पांची शोभा राहणं किंवा जाणं आता माझ्यावर अवलंबून होतं.

जसा आहे तसा परत द्यायचा, बस्स! कुठल्याही सामान्य माणसाला हे सहज जमलं असतं. पण मी सामान्य नव्हतो. मला इंग्रजी वाचता येत होतं!

झालं असं, की कोल्हापूरला आल्यावर गुंडू मनाला येईल तेव्हाच बोलायला लागला. दहा माणसं आली तर तिघांना चहा विचारायचा, सात जणांकडं नुसतं बघायचा. व्याही नेमके त्या सातांत निघाले तर? मी तडक राजारामपुरीतला सायबर कॅफे गाठला आणि पोपट कसा शिकवावा यावर चार पानं छापून आणली.

पद्धत अगदी सोपी होती. पक्ष्यानं आपल्याला हवं ते केलं की त्याच क्षणी 'टिक' असा आवाज करायचा आणि पाठोपाठ खाऊ द्यायचा. ओरडायचं नाही, मारायचं नाही. 'टिक' म्हणजे पोपटाला सांगणं, की शाबास, हेच ते! त्या आवाजासाठी परदेशात एक खास डबी मिळते. आमच्याकडं जोतिबाच्या यात्रेतून मुलीला आणलेली पत्र्याची टिकटिकी होती, बेडकाच्या आकाराची. दाबली की टिक. शास्त्र तेच, बेडूक आपला!

'त्याच क्षणी' हे शब्द कागदावर ठळक छापलेले होते. मी त्यांच्याखाली पेनानं दोन रेघा ओढल्या. आणि पुढं गेलो.

सराव सुरू झाला. माझी बायको, सुमन, पाहुणी होऊन बाहेरून आत यायची. गुंडू म्हणायचा, "या पावणं! बसा! च्या घ्या!" मग मी दचकायचो, हातातला बेडूक सुलटा करायचो, अंगठा शोधायचो, आणि टिक! की शेंगदाणा. पण गुंडूची एक खोड होती. वाक्य संपलं की तो दांडीवर गर्रकन वळायचा, पाठ करायचा आणि शेपूट वर करून झटकायचा. अकरा वर्षांची सवय. त्याकडं कोण लक्ष देतो?

सुमननं दिलं. "अवो, त्यो बोलल्याव न्हाय, फिरल्याव टिक व्हायलंय."

"अर्ध्या सेकंदाचा फरक आहे गं. पोपटाला काय सेकंद कळतंय?"

"त्याला कळतंय की. तुमास्नी कळंना झालंय!"

मी तिला छापील पानं दाखवली. ती इंग्रजीत असल्यामुळं वाद तिथंच मिटला.

आठवड्याभरात गुंडूच्या वाक्यातलं 'च्या घ्या' गळालं. मला वाटलं, थंडीनं असेल. मग 'बसा' गेलं. तिसऱ्या आठवड्यात तो नुसतं "या" म्हणून फिरायला लागला. शेवटी "या"सुद्धा राहिलं. माणूस दिसला की गर्रकन पाठ, शेपूट वर, झटका! त्याचं काय चुकलं? शाबासकी पाठीला मिळत होती, तोंडाला नव्हे. मग बोलून घसा कोरडा कोण करणार?

मी मात्र हरलो नाही. विचार केला, खाऊ हलका पडतोय. शेंगदाण्याच्या जागी काजू आला. गुंडूनं कष्ट दुप्पट केले आणि शेपूट थेट पिंजऱ्याच्या छपराला लावलं.

मग वाक्याची आठवण करून द्यावी म्हणून मी स्वतःच पिंजऱ्यापुढं उभा राहून ओरडायला लागलो, "या पावणं! बसा! च्या घ्या!" चाळीसदा, पन्नासदा. गुंडू ढिम्म. शेवटी दार ढकलून शेजारचे पाटील आत आले आणि खुर्चीत बसले.

"किती येळ झालं बोलवालायसा! आलो बगा. टाका च्या."

गुंडूनं त्यांना पाठ दाखवली.

"ह्यो का रुसलाय?"

"रुसला न्हाय, शिकलाय!" सुमन आतून म्हणाली.

आप्पा काशीहून आले. मी 'अजून दोन दिवस, अजून एक दिवस' करत गुंडूला ठेवून घेतलं आणि मावंद्याच्या दिवशी, अर्थातच उशिरा, पिंजरा घेऊन कागलला उतरलो. आप्पांना बाजूला घेऊन सगळं सांगायचं, असं ठरवून आलो होतो. पण पिंजरा हुकाला अडकवतोय तोवर दारात जीप थांबली आणि संकेश्वरचे व्याही खाली उतरले.

"थांबा व्याही," आप्पांचा चेहरा फुलला होता. "आदी आमच्या गुंडूचं ऐका, मग आत या."

सगळा सोपा गप्प झाला. वाढपी पळी धरून थांबले. गुंडूनं व्याह्यांकडं बघितलं, फेट्यापासून पायताणापर्यंत. मग गर्रकन वळला, पाठ केली आणि शेपूट वर!

आणि त्या शांततेत आवाज आला. टिक!

माझा हात खिशात होता. घामेजला होता. खिशात बेडूक होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी नेमकं 'त्याच क्षणी' केलं होतं!

गुंडूनं वळून काजूसाठी चोच बाहेर काढली. काजू मिळाला नाही, तेव्हा आपलं काम कमी पडलं असं समजून त्यानं सगळं पुन्हा करून दाखवलं. या खेपेला जास्त मनापासून.

व्याही म्हणाले, "आप्पासायेब, काशीला जाऊन ह्ये शिकून आलासा व्हय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "जावईबापू, खिशात काय हाय?"

मी बेडूक काढला. मग छापील पानं काढली. पन्नास माणसांपुढं मी टिक, काजू आणि अर्धा सेकंद हे सगळं समजावून सांगितलं. कुणी हसलं नाही. अव्वांनी पदर तोंडाला लावला तो रडण्यासाठी की कशासाठी, ते मला आजही माहीत नाही. व्याह्यांचं एक पाऊल जीपकडं वळलंच होतं. ते थांबले आणि माझं तोंड निरखून बघायला लागले.

"आप्पासायेब, आमच्या पोरीच्या लग्नात फोटू काढणारं ह्येच न्हवं?"

"ह्येच," आप्पा मान खाली घालून म्हणाले.

"अक्षता झाडताना आठ फोटू?"

"ह्येच."

"मग पोपटाचा काय दोष न्हाय," असं म्हणून व्याही पायताणं काढून आत आले, आणि जेवायला बसेपर्यंत हसत राहिले. त्या पंगतीत लिंबाची फोड कुणाला कधी आली, याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

आप्पांनी महिन्याभरात गुंडूला पुन्हा बोलतं केलं. माझीच पद्धत, फक्त बेडूक नाही आणि हात त्यांचा. आज कागलला कुणीही गेलं तरी गुंडू खणखणीत म्हणतो, "या पावणं! बसा! च्या घ्या!"

मी उंबऱ्यात पाय ठेवला की मात्र तो गर्रकन वळतो आणि शेपूट वर करतो. आणि आप्पा बसल्या जागेवरून त्याला शेंगदाणा देतात. बरोब्बर त्याच क्षणी!