पाठ करून ऐकलेली गिटार

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या एका घरात जिवंत माणसे दोन : ईरम्मा आणि त्यांची मुलगी दानेश्वरी.

दुपारची वेळ होती. दानेश्वरी पलंगाच्या कडेला बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती आणि ईरम्मा समोर जमिनीवर शेंगा फोडत होत्या. गाणे अर्ध्यावर आले असताना गिटारच्या आतली एक जुनी वायर तुटली आणि कोपऱ्यातल्या अँपमधून येणारा आवाज एकाएकी बंद झाला. अशा गिटारचा अँपविना जो बारीक किणकिणाट उरतो, तो डोक्यावरच्या पंख्याच्या खडखडाटात बुडून गेला. पण बोटांना सवयीने पुढे जायचे होते. दानेश्वरीने उरलेले गाणे तसेच, जवळजवळ निःशब्द, शेवटपर्यंत नेले.

ईरम्मांनी मान वर केली. "आज लई ब्येस वाजलं," त्या म्हणाल्या. "शेवट तर झाकच."

दानेश्वरी त्यांच्याकडे पाहत राहिली. शेवट वाजलाच नव्हता.

गेली कितीतरी वर्षे आई आपल्या वाजवण्याला जी दाद देत आली, ती डोळ्यांनी दिलेली होती, हे तिला त्या एका वाक्यात उमगले.

ईरम्मांनी मुलीला फसवले, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या मूळच्या मंद्रूपच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि लवकरच पती सिद्धप्पा यांच्यासोबत अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊ लागल्या. सिद्धप्पा माग चालवीत. ईरम्मा मागांच्या ओळीच्या तोंडाशीच ठेवलेल्या यंत्रावर धोट्यात घालायच्या कांड्या सुताने भरीत. पत्र्याच्या छपराखाली सगळे माग एकदम चालू असताना माणसाच्या आवाजाला तिथे काहीच काम नसे. सूत तुटले की दोन बोटे कातरीसारखी हलवायची, चहा आला की अंगठा ओठांकडे न्यायचा, आणि बाकी सारे समोरच्याच्या ओठांवरून वाचायचे. कोण चांगला कामगार, हेही त्याच्या हातांकडे पाहूनच ठरे. ऐकणे ही क्रिया त्या शेडमध्ये कोणाकडूनच अपेक्षित नव्हती. त्यामुळे ती कोणाची केव्हा निघून गेली, हे कोणाच्या लक्षात आले नाही. ईरम्मांच्या स्वतःच्याही आले नाही. घरी त्या मुलीचे ओठ वाचीत आणि वेळेवर उत्तर देत. सिद्धप्पा गेले, ईरम्मांचे गुडघे धरले, काम सुटले. गिटारवर धावणारी मुलीची बोटे पाहून त्यांनी जे मत दिले, ते शेडच्या रीतीप्रमाणे पूर्णपणे प्रामाणिक होते.

तरीही दानेश्वरीच्या मनातून एक इच्छा जाईना. आईने आपले वाजवणे एकदा तरी कानांनी ऐकावे, आणि न बघता त्याबद्दल काही म्हणावे.

दुसऱ्या आठवड्यात तिने ईरम्मांना सरकारी रुग्णालयात नेऊन कान तपासून घेतले. निकाल सोपा होता. खालचे, जाड आवाज बऱ्यापैकी उरले होते. वरचे, बारीक, टोकदार आवाज गेले होते आणि ते परत येणार नव्हते. श्रवणयंत्र मिळाले. बोलणे समजायला त्याची थोडी मदत होई; पण गिटार सुरू झाली की ईरम्मा ते काढून डबीत ठेवीत. "करवत चालल्यावानी वाटतंय ह्यात," त्या म्हणत.

गिटारची दुरुस्ती तर करायचीच होती. दानेश्वरी एका खासगी वर्गात संगणक शिकवते, लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात वाजवते, आणि रविवारी अभिमन्यू नावाच्या ड्रमरबरोबर रॉक आणि मेटल वाजवते. या सगळ्यासाठी तिच्याकडे गिटार एकच. शुक्रवारी हळदीच्या मांडवात जिला हळुवार गाण्यांना साथ करायची, तिनेच रविवारी गर्जायचे. आवाजाचा हा सारा पल्ला गिटारच्या पिकअपवर अवलंबून असतो. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेले लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. तारेचे कंपन तिथे विजेत उतरते आणि पुढे अँपकडे जाते. जुना पिकअप त्या तुटलेल्या वायरीसकट बदलायचा होता. अभिमन्यूचे मत ठरलेले होते : मेटल वाजवायचे तर सिरॅमिक चुंबकाचा, सर्वांत ताकदवान पिकअप घ्यायचा. दानेश्वरीचेही आजवर तेच मत होते.

"घे की," ऑर्केस्ट्रांची यंत्रे दुरुस्त करणारे राजशेखर म्हणाले. "पण मग लग्नात सौम्य वाजवताना रडत येऊ नकोस. तो पिकअप म्हणजे आधीच तिखट ओतलेलं पातेलं आहे. मला विचारशील तर तिखट अँपमध्ये वाढव, मुळात नको."

"मला आणखी एक बघायचं आहे," दानेश्वरी म्हणाली. "अव्वाला कुठला ऐकू येतो ते." आईला ती अव्वा म्हणते.

राजशेखरांनी खण उघडून तीन जुने पिकअप टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "दुकान बंद असतं त्या दिवशी घेऊन ये अक्कांना."

त्या दिवशी ईरम्मा इरकली नेसून आल्या. राजशेखरांनी स्टूल भिंतीकडे वळवून ठेवले.

"अक्का, तिकडं तोंड करून बसा."

"का वं? मी काय रुसलेय व्हय हिच्यावर?"

"रुसू नका. वाजलेलं ऐकू आलं की हात वर करायचा, थांबलं की खाली."

"शाळेत कधी हात वर केला न्हाय, आता म्हातारपणी करू व्हय?" असे म्हणत त्या बसल्या.

दानेश्वरी वाजवू लागली की हात वर जाई, ती थांबली की खाली येई. एकदाही चूक झाली नाही. राजशेखर थक्क झाले. दानेश्वरीचा चेहरा उजळला. मग तिचे लक्ष आईच्या समोरच्या कपाटाकडे गेले. कपाटाला काच होती आणि काचेत गिटार, बोटे, सगळे स्वच्छ दिसत होते.

"अव्वा! बघायचं नाही म्हटलं होतं ना?"

"तुमी पाठ करा म्हनलात. डोळं मिटा कुटं म्हनलात?"

राजशेखरांनी हसत हसत काचेवर वर्तमानपत्र चिकटवले, आणि खरी परीक्षा सुरू झाली.

आधी सिरॅमिक. दानेश्वरीने आपल्या सर्वांत अवघड, वेगवान गाण्याची सुरुवात वाजवली. हात वर गेला. पण ईरम्मा म्हणाल्या, "पोतं टाकल्यावानी येतंय. धप्प, धप्प. पोत्यात काय हाय ते कळंना."

मग एकाच वेटोळ्याचा, सिंगल कॉइल म्हणतात तो. त्याचा आवाज निर्मळ असतो, पण आसपासच्या विजेची घरघर तो ओढून घेतो. ईरम्मांनी कान टवकारले. "हे लई बारीक हाय. आन् मागं कुनीतरी मोटर लावलीया."

"घ्या!" राजशेखर म्हणाले. "गाणं नाही, घरघर तेवढी अचूक ऐकली अक्कांनी."

तिसरा पिकअप दोन वेटोळ्यांचा, म्हणजे घरघर मारणारा हंबकर होता. त्याचे चुंबक अल्निको या मिश्रधातूचे, आणि ताकद मध्यम. अशा पिकअपमधून तारेचा मधला, भरीव आवाज पुढे येतो. आणि मुळातच फार जोर नसल्याने, अँपमध्ये आवाज खरबरीत केला तरी एक स्वर दुसऱ्यात मिसळून जात नाही. राजशेखरांनी तो जोडला, अँपचा जोर थोडा उतरवला आणि मान हलवली. दानेश्वरीने तीच सुरुवात पुन्हा वाजवली.

ईरम्मांचा हात वर गेला आणि वरच राहिला. वाजवणे थांबल्यावरही तो खाली यायला वेळ लागला.

"तितं का अडलीस?" त्यांनी विचारले.

"कुठं?" दानेश्वरीने आईच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारले.

"खाली उतरताना. दोनदा सरळ उतरलीस. तिसऱ्या बारीला पायरी चुकल्यावानी केलंस की."

बोट खरोखरच घसरले होते. दानेश्वरीने ते झाकलेही होते. समोर बसलेल्या राजशेखरांना कळले नव्हते. तिने तोच भाग पुन्हा वाजवला, आणि खात्री करून घेण्यासाठी पुन्हा तिथेच चुकली.

"आता मुद्दाम केलंस," भिंतीकडे तोंड केलेल्या ईरम्मा म्हणाल्या. "साकु, साकु. पुरं झाली थट्टा."

दानेश्वरीला आईकडून आजवर कौतुक पुष्कळ मिळाले होते. दोष पहिल्यांदाच मिळाला. गिटार मांडीवर तशीच ठेवून ती रडू लागली, आणि स्टूलवर वळलेल्या ईरम्मांना ते का, हे कळेना. "अगं, एवढी काय मोठी चूक न्हवती," त्या राजशेखरांकडे बघत म्हणाल्या. "सांगा की हिला."

पिकअप ठरला. तारा ज्यावर टेकतात त्या पुलाजवळ, म्हणजे जिथे तारेचा आवाज टणक येतो तिथे, हा मध्यम ताकदीचा हंबकर. आणि मानेजवळ त्याहून सौम्य दुसरा, ज्याचे एक वेटोळे बंद करण्याची सोय लग्नातल्या गाण्यांसाठी ठेवली.

अभिमन्यूला हे अजिबात पटले नाही. "ह्याच्यावर मेटल? मग रविवारी पण हळदीतच वाजव. मी ढोलकी आणतो."

दानेश्वरीने वाद घातला नाही. पिकअप तारांपासून किंचित खाली घेतला, अँपच्या आधी एक पेडल जोडून खालचा फुगीर आवाज छाटला, आणि मग जोर वाढवला. वेगवान भागातला प्रत्येक आघात सुटा, घट्ट आला. अभिमन्यू काठ्या हातात धरून ऐकत राहिला.

"चालंल," तो अखेर म्हणाला. "पण आता चूक झाली तर लपणार नाही हं तुझी."

"लपू नयेच."

पुढच्या रविवारी त्यांच्या सरावाला ईरम्मा आल्या. सराव अभिमन्यूच्या मामाच्या रिकाम्या गोदामात चाले. कोणी न सांगता ईरम्मा एक बादली पालथी घालून, पाठ करून बसल्या. गाणे सुरू झाले तसे त्यांचे बोट गुडघ्यावर चालू लागले. खालच्या स्वरांबरोबर ते नेमके पडत होते. गाण्याच्या शेवटी दानेश्वरी एकच स्वर अंगठ्याच्या कडेने चिमटून उंच, किंचाळत नेते आणि लांबवर धरून ठेवते. ते तिचे स्वतःचे काम. त्याचा तिला अभिमान आहे. तो स्वर गोदामाच्या छपराला भिडलेला असतानाच ईरम्मा पदर झटकून उठल्या.

"संपलं न्हवं?" त्या म्हणाल्या.

अभिमन्यूने खाली पाहिले. दानेश्वरीने स्वर सोडला नाही. तशीच सरकत जाऊन तिने अँपच्या आवाजाची कळ धरली. ईरम्मांनी मुलीचा चेहरा वाचला. त्या भराभर आल्या आणि कळीवर त्यांनी आपला तळवा झाकला.

"त्ये ऱ्हाऊ दे."

"थोडा वाढवला की येईल तुला ऐकू, अव्वा. थोडाच."

"मला यील. मग तुला येनार न्हाय. तुझ्या बानं बी ऐकू यीनासं झाल्यावर आदी रेडिओच वाढवला हुता."

स्वर विरला. ईरम्मांनी दोघांच्या कानांकडे बोट केले. "हितं कापूस तरी घातलाय का कुनी?"

"मावशी, कापसानं काही होत नाही," अभिमन्यू म्हणाला. "त्याचे वेगळे प्लग मिळतात."

"मिळत्यात? मग घातलं का न्हाईस, रं? का मी वाट बघू तुज्या बहिरं व्हायची?"

आता दोघेही कानांत प्लग घालूनच वाजवतात. अँप पूर्वीपेक्षा खाली असतो. शेवटचा उंच स्वर गाण्यातून काढून टाकावा, असे दानेश्वरीने एकदा सुचवले होते. ईरम्मांनी ते ऐकून घेतले नाही. "मला न्हाय आलं म्हनून काय झालं? बाकीच्यास्नी यील की." त्यामुळे तो स्वर आहे. तो चालू असताना ईरम्मा भिंतीकडे तोंड करून बसून राहतात, आणि तो संपला की दानेश्वरी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावते. मग त्या वळतात आणि कुठे कुठे चुकले ते सांगतात. यादी बहुधा लांब असते.

कामाच्या ठिकाणच्या आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याने व्यावसायिक आजार मानले आहे. ईरम्मांच्या किंवा सिद्धप्पांच्या नावाने तसा दावा कोणी कधी दाखल केला नाही. असा दावा करता येतो हे त्यांना कोणी सांगितलेही नाही. त्या शेडमध्ये दोघांचे जे ऐकणे गेले, त्याची भरपाई झालेली नाही.