वाटेत हरवलेल्या गोण्या

बाळाराम चोर नव्हता. चूक माझ्या प्रोग्रामची होती, आणि त्याला चोर ठरवणारं वाक्यही माझंच.

शेठचं सुताचं गोदाम पडघ्याला, पॉवरलूमचा कारखाना कामतघरला. दोन्हीकडचा साठा एकत्र दिसावा म्हणून मी त्यांना वेब ॲप्लिकेशन करून दिलं होतं. सर्व्हर म्हणजे कामतघरच्या ऑफिसातला साधा पीसी. बाळाराम टेम्पोने गोण्या आणायचा. मग मुनीम पावतीवरचा माल कंप्युटरवर टाकून 'सेव्ह' दाबायचे. त्यावर माझा प्रोग्राम डेटाबेसला एकामागून एक हुकूम सोडायचा. आम्ही त्यांना अपडेट क्वेरी म्हणतो. आधी पडघ्यातून सगळ्या वजाबाक्या, मग कामतघरला सगळ्या बेरजा.

लवकरच हिशेबात गोण्या कमी पडू लागल्या. कंप्युटर म्हणायचा, पडघ्याहून निघाल्या, कामतघरला पोचल्याच नाहीत. उतरलेली गोणी लगेच फोडून सूत कामाला लागायचं, त्यामुळे मोजून बघायची सोय नव्हती. शेठचा रोज फोन. मी पुन्हा पुन्हा कोड तपासला. माझ्या ऑफिसात दर वेळी हिशेब चोख. मी वैतागलो होतो.

शेवटी शेठने सगळ्यांना कारखान्याच्या दारात गोळा केलं.

"साहेब, कंप्युटर चुकतो काय?"

"कंप्युटर चुकत नाही शेठ, माणसं चुकतात."

सगळ्यांच्या माना बाळारामकडे वळल्या. पडघा आणि कामतघरच्या मध्ये तो एकटाच होता.

"मी न्हाय नेली गोणी," तो म्हणाला. "वाटेत चायला पन थांबत न्हाय मी."

"चावी ठेव," शेठ म्हणाले.

टेम्पोवर शेठचा भाचा आला. गोण्या कमी पडतच राहिल्या.

"आता माझा भाचा पण चोर काय?" शेठ फोनवर ओरडले. "इथे येऊन बसा साहेब. चहा मिळेल. जेवण गोण्या सापडल्यावर."

जाऊन बसलो. सकाळी आलेल्या मालाच्या पावत्या दुपारपर्यंत तशाच पडून होत्या.

"मुनीमजी, एंट्री कधी करणार?"

"लाइट जायच्या आधी. लाइट आहे तोवर लूम चालतात. तेव्हा सूत पुरवू की तुमची बटणं दाबत बसू?"

लोडशेडिंगची वेळ जवळ आली तसे ते घाईने बसले, भराभर टाइप केलं आणि 'सेव्ह' दाबलं. तेवढ्यात सगळे लूम एकदम थांबले. पीसीही बंद.

"यूपीएस कुठे आहे?"

"तो सारखा कुईं कुईं करायचा. काढून ठेवला."

लाइट आल्यावर पाहिलं. पडघ्यातून गोण्या वजा झाल्या होत्या. कामतघरला एकही जमा नव्हती. माझ्या ऑफिसात लाइट जात नव्हती, म्हणून मला ही चूक कधी दिसलीच नाही.

यावर उपाय असतो. त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. सगळ्या क्वेरी एकत्र बांधायच्या. सगळ्या पार पडल्या तरच पक्क्या, मध्येच काही अडलं तर एकही झाली नाही असं धरायचं. हमाल टेम्पोवरून गोणी देतो तेव्हा खालच्याने धरल्याशिवाय सोडत नाही, तसंच. मला हे माहीत होतं. त्यासाठी डेटाबेसचे टेबल दुसऱ्या प्रकारचे करावे लागले असते, म्हणून कंटाळा केला होता.

शेठला सगळं सांगितलं. त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी बाळारामच्या गावी, खारबावला गेलो. बाळाराम अंगणात जाळं दुरुस्त करत होता. मी माफी मागायला लागलो, तर त्याने हात वर केला.

"हितं नको साहेब. हितं मना कोनी चोर न्हाय म्हनत."

मी त्याला कामतघरला घेऊन आलो. शेठ, मुनीम, हमाल, सगळे पुन्हा त्याच दारात जमले. इतक्या वर्षांत मी शिकलेला धडा एवढाच: आपण बनवलेली वस्तू चुकत नाही, असं कधी म्हणू नये. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणालो,

"बाळारामने एकही गोणी नेली नाही. चूक माझी होती, आणि ती मी त्याच्या माथी मारली. बाळाराम, मला माफ कर."