करिष्माचं निळं लेबल

आमच्या करिष्माले ब्रश धरायचं म्या शिकवलं, हे पहिले समजून घ्या. मी दहावी नापास, लेकिन आमच्या शहरात सेक्टर दहापासून सिविक सेंटरपर्यंत जेवढे दुकानाचे चांगले बोर्ड दिसतात, त्यातले अर्धे माह्या हातचे. आमच्या विहारातले बुद्ध मीच काढले. डोळे असे अर्धे मिटलेले का समोर बसलेला मानूस आपोआप हळू बोलते.

करिष्मा माही बहीण, माह्यापेक्षा नऊ वर्षानं लहान. कॉम्प्युटरवर डिझाइन शिकली आनि घरीच कामं करे. मागच्या वर्षी रसमड्याच्या एका कारखान्यानं तिले लेबल बनवायचं काम देल्लं. जपानी सॉस बनवतात तिथं, सोयाबीनचा, काळा, खारट. लेबल पायताच जपान वाटलं पाहिजे. पसंत पडलं तर तिथंच पक्की नोकरी.

पंधरा दिवस घरात दुसरी गोष्ट नाई. माय शेजारच्या बायायले सांगे, माही पोरगी जपानचं काम करून राहिली. वीस वर्षं म्या बोर्ड रंगवले, तवा माय कोनाले काई सांगायले गेली नाई.

एक दिवस तिले स्क्रीन दाखवायले लावली. निळ्या कपड्यावर पांढरे टाके, बस. जपानात जुने कपडे असेच टाके घालून मजबूत करत म्हने. मायच्या गोधडीचे टाके पाहून तिनं ते बसवले होते.

"याच्यात चित्र कुठी आहे?" म्या म्हटलं.

"टाकेच चित्र आहे, दादा."

"जपान म्हनजे बुद्धाचा देश. आनि बुद्ध काढनारा तुह्या घरात बसला आहे."

"बाटलीवर बुद्ध नको, दादा."

कावून नको, ते आयकायले मी थांबलोच नाई.

तीन दिवसात म्या बुद्ध काढला. मागं सोनेरी गोल, खाली कमळ. जिंदगीतलं सगळ्यात चांगलं काम. तिले न सांगता बाईकवर रसमड्याले गेलो आनि मॅनेजर सुशील साहेबाले देल्ला. साहेबानं चित्र खिडकीपाशी नेऊन पायलं. मंग म्हने, पोरीनं पाठवलेलं निळं राहू दे, हेच लावू. छोटं छापून एका बाटलीवर चिपकवलं, नमुना म्हनून ते बाटली मले देल्ली.

माय मच्छी तळून राहिली होती. म्या बाटली ओट्यावर ठेवली. मायनं गॅस बंद केला, हात धुतले, पदराले पुसले, बाटली उचलून बुद्धाच्या फोटोपाशी ठेवली आनि हात जोडले.

"माय, सॉस आहे तो. मच्छीवर टाक."

"बुद्धाच्या गळ्याले धरून मच्छीवर उलटं करू?" माय म्हने. "आनि सरल्यावर कुठी फेकू, राजदीप? नालीत?"

करिष्मा दारात उभी होती. तिनं बाटली पायली, मंग मले पायलं. दादानं आपली नोकरी खाल्ली, हे तिले समजलं. आत जाऊन तिनं कॉम्प्युटर बंद केला. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी परत रसमड्याले. साहेबाले म्हटलं, माहं चित्र वापस द्या. साहेब म्हने, पागल हो गया क्या, ते तर छपाईले चाललं. म्या सांगतलं, हे बाटली कोनी उघडनार नाई, घेईन तो हात जोडन. आनि आमच्या लोकायले कचऱ्यात बुद्ध दिसला तर ते तुमच्या गेटसमोर बसतीन, सगळ्यात पुढं मी बसीन. साहेब टेबलावर बोटं वाजवत बसला. मंग कोनाले तरी आवाज देल्ला का पोरीचं निळंवालंच छापायले द्या.

सहा महिने झाले, करिष्मा तिथं नोकरीवर आहे. लेबल चांगलं दिसते, झूट कावून बोलू. बाटली सरली का माय धुऊन तिच्यात तेल भरते. कोनी घरी आलं का पहिले तेच दाखवते, आनि मी उठून बाहेर जातो.

म्या चित्र वापस आनलं, हे घरात कोनाले मालूम नाई. करिष्माले वाटते, साहेबाले शेवटी तिचंच आवडलं. वाटू द्या.