ओहोटीच्या वाळूवरची पावलं
आज लोणच्यासाठी व्हिनेगरची बाटली उघडली आणि त्या आंबट वासाने आमच्या न्हाणीघरातली डार्करूम आठवली; तिथे फोटो धुवायच्या रसायनालाही असाच वास यायचा. यजमानांनी काढलेला शेवटचा फोटो तिथेच तयार झाला होता. आजारपणानंतर त्यांना एकच ध्यास होता, ओहोटीनंतरची ओली, राखाडी, माणसाचा मागमूस नसलेली वाळू कृष्णधवल फिल्मवर उतरवायची. नाशिकहून आम्ही डहाणूला गेलो आणि पाणी उतरायची वाट बघत सुरूच्या झाडाखाली बसलो. वाऱ्याला सुकटीचा वास होता. पाणी सरलं तेव्हा ते कॅमेऱ्याची तिकाटी धरून उठले. पाय लटपटत होते. म्हणाले, “वाळू घट्ट आहे का, जरा पुढे जाऊन बघ.” मी पार खडकांपर्यंत जाऊन आले, तर हे कॅमेऱ्यामागे हसत उभे. “कर्म माझं! मीच तुला पाठवलं, आणि आता सगळीकडे तुझी पावलं.” मी म्हटलं, “अहो, मग पुढच्या ओहोटीला काढा.” “तोवर मला उभं कोण करणार?” म्हणत त्यांनी बटण दाबलं. घरी प्रिंट काढताना मी विचारलं, “तुम्ही फोटोतल्या विजेच्या तारा लपवता, तशी पावलं नाही का लपवता येणार?” “येतील की. पण माझ्याआधी कुणीतरी वाळू बघून आलं होतं, ते दिसू दे.” आता घरी येणारे त्या फोटोपुढे थांबतात, पावलं कुणाची म्हणून विचारतात. सगळं सांगायचं म्हणजे फार दमायला होतं. मी “माझी” एवढंच म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते.