ज्याकाखालचा दगूड

वाल्मीक, माजा ल्योक, सारखा म्हनतोय, आये, त्यो ज्याक भंगारात देऊन टाकू, दाराआड पडलाय, येता-जाता पायाला लागतोय. मी म्हनते, लागू दे. तुज्या पायाचं काय मोठं कवतिक! ज्याक म्हंजी गाडी उचलायचं लोखंड. चाक चिखलात रुतलं की खाली ठिवायचा, दांडा फिरवायचा, गाडी वर येती. ह्यो माज्या धाकट्या भावाचा, गेणबाचा. मी धोंडाबाई. धरनाकाठच्या वाड्यांवर बाळंतपनं करत हिंडते, म्हून मला समदे वळखत्यात. गेणबाला मातर लोक येडा म्हनायचे. माज्या तोंडावर म्हनायची कुनाची छाती न्हवती, पर माघारी म्हनायचे.

गेणबा कोळशाच्या ठेकेदाराची गाडी चालवायचा. लढाईत वापरलेली जुनी मिलिटरीची गाडी. ताम्हिणीच्या रानात भट्ट्या लागायच्या, तितनं पोती भरायची नि पौडाला आनायची. रस्ता कसला, गुरांनी पाडलेली वाट. जोडीला क्लीनर म्हून बहिरू. दोघं ल्हानपनापासनं एका ताटात जेवलेली. गाडी रुतली न्हाई असा दिस जायचा न्हाई, म्हून त्यांची एक रीत ठरलेली. गेणबानं ज्याक लावून चाक उचलायचं. बहिरूनं गाडीखाली सरकून चाकाच्या खड्ड्यात दगूड ठिवायचा, पल्याडच्या बाजूनं भाईर यायचं, आन वरडायचं, "ठिवला". मग गेणबानं ज्याक उतरवायचा. त्यो शबूद आल्याबिगर दांड्याला हात लावायचा न्हाई. रानात लांबनं जरी "ठिवला" ऐकू आलं तरी बाया म्हनायच्या, आली बगा कोळशाची गाडी.

तवाचा ज्याक तेलाचा हुता. त्याची चावी सैल केली की तेल माघारी जातं आन गाडी एका दमात खाली बसती. त्या दिशी पावसाची झड हुती. धरनाच्या वरच्या वळनावर गाडी रुतली. गेणबानं चाक उचाललं. बहिरू खाली गेला. गेणबाला "ठिवला" ऐकू आलं. त्यानं चावी सैल केली.

बहिरूला भाईर काडला तवा दगूड त्याच्या हातातच हुता. ठिवायचा ऱ्हायलाच हुता.

मग बोलला कोन? गेणबा देवळात हात ठिवून सांगायचा, म्या ऐकलं, माज्या कानानं ऐकलं, बहिरूचाच आवाज. कुनी म्हनलं, धरनाच्या पान्यात गावं बुडाली, तितलं कायतरी बोललं आसंल. कुनी म्हनलं, घाईत व्हता, आता कायबी सांगतोय. बहिरूची बायकू साळूबाई, तिच्या कडंवर ल्हान पोरगी सखू. ती मयताच्या म्होरं गेणबाला एकच म्हनली, "खोटं बोलतुयास तू." त्याच्यावर ती त्याच्याशी बोलली न्हाई. वाटंत दिसला तर पदर आडवा घ्यायची.

आमच्याकडं रीत हाय, मानूस अचानक गेला की त्या जाग्यावर दगूड ठिवायचा. पयला साळूनं ठिवला. त्यो बहिरूच्या हातातलाच, चपटा, काळा. मग येनारा-जानारा हरएक जन एक दगूड टाकायचा. त्याची रास झाली. राशीत दगूड घालायचा, काडायचा न्हाई. काडला तर खालचा मेलेला मोकळा हुतो आन काडनाऱ्याच्या मागं लागतो म्हनत्यात. सालामागनं साल रास वाढत गेली, आन आजूबाजूला मातीशिवाय काय उरलं न्हाई.

बहिरू गेल्यावर गेणबानं सा म्हयने गाडीला हात लावला न्हाई. मग एक दिस म्हनला, "आक्के, पुन्याला चल. ज्याक घ्याचाय." मी म्हनलं, मला काय कळतंय त्यातलं? तर म्हनला, "तू नुसती उबी ऱ्हा."

जुन्या बाजारात लढाईतलं लोखंड ढिगानं पडलेलं. दुकानदारानं तेलाचा ज्याक म्होरं केला. लई गोडीनं बोलत हुता, हलका हाय, एका हातानं उचलतोय, साहेब लोक ह्योच नेत्यात. गेणबानं इचारलं, "खालचा मानूस वरडला तर ह्यो मधीच थांबंल का?" दुकानदार माज्याकडं बघाया लागला. मी म्हनलं, माज्याकडं काय बगतुयास, त्याला सांग.

मग गेणबा ढिगात बसला. एकेक ज्याक उचलून बुडाकडनं बगायचा. बूड बारीक आसंल तर बाजूला, चिखलात खिळ्यावानी घुसंल म्हनायचा. डोकं गुळगुळीत आसंल तर बाजूला, गाडी निसटंल म्हनायचा. आखरीला आट्याचा एक काडला, रुंद बुडाचा, दातऱ्या डोक्याचा, वजनाला बकऱ्यायेवढा. आट्यांवरनं बोट फिरवून बगितलं. दांडा फिरवून वर नेला, खाली आनला. मग मला म्हनला, "ह्यो आट्याआट्यानं उतरतोय, आक्के. खालच्याला वरडायला सवड मिळती." मला तितंच रडू आलं. दुकानदाराला वाटलं, वजन बघून रडतीया.

त्यो ज्याक मग त्याच्या जिवाला चिकटला. गोनपाटात गुंडाळायचा, आट्यांना वंगन लावायचं, शीटमागं दोरीनं आवळून बांधायचा, म्हंजी धक्क्यानं हलायला नको. बुडाखाली घालायला बाभळीची जाड फळी. गाडी ठेकेदाराच्या घरी ठिवून पायी आला तरी ज्याक खांद्यावर. पिरंगुटाला माज्या नंदंच्या लग्नात मांडवात ज्याक घिऊन बसला. मी म्हनलं, आरं, वऱ्हाडाची बैलगाडी हाय, बैलं उचलतुयास का? हसला न्हाई. खांदा सोलून निगायचा, तरी खाली ठिवायचा न्हाई.

आन ज्याक लावला की त्याचं बघवायचं न्हाई. चाक वर घ्यायचा, आन दांडा धरून तसाच बसायचा. नवा क्लीनर "ठिवला" म्हनायचा, ह्यो हलायचा न्हाई. खाली वाकून बगायचा, उटायचा, परत वाकायचा. कारन त्याला क्लीनरच्या आदीच ऐकू यायचं. कवा कवा खाली कुनीच नसायचं तरी यायचं. एकदा माज्या घरी जेवताना घास तसाच हातात धरून ऱ्हायला. मी म्हनलं, काय रं? म्हनला, "काय न्हाई. ठिवला म्हनतोय."

सखू मोठी झाली, लगीन झालं, पयल्या बाळंतपनाला आईकडं आली. कळा सुरू झाल्या तसं मला बलावलं. मी हात लावून बगितलं, तर प्वार आडवं. माज्या हातातलं काम न्हवतं ते. म्या साळूला साफ सांगितलं, पौडाच्या दवाखान्यात न्हेली तर वाचंल, हितं ठिवली तर दोन्ही जात्याल. गाडी कुटली? येकच, ठेकेदाराची जीप, आन ती चालवनारा गेणबा. साळूनं सखूला धरलं नि जीपमदी बसली. वाटंत भट्टीवरचा देवू भेटला, त्याला म्हनलं, चल, ढकलायला व्हशील.

आन कुटं रुतावी गाडी? त्याच वळनावर. मागलं चाक पार बुडालं. सखूला खाली उतरवून गवतात निजवली. ती वरडत हुती. गेणबानं फळी टाकली, ज्याक लावला, चाक वर घेतलं. चाक निगालं, तेवड्यात फळी मधनं तडाकली. ज्याक तिरका झाला, पर दातऱ्यानं धरून ठिवलं. गेणबा म्हनला, "खड्ड्यात दगूड पायजे. बिगीनं." देवू पळाला, हिकडं गेला, तिकडं गेला. सगळी माती. जे काय दगूड हुते ते बहिरूच्या राशीवर. देवू राशीपशी जाऊन उबा ऱ्हायला आन हात जोडून माघारी आला. म्हनला, मला माफी करा, माजी ल्हान पोरं हायेत. मी शिव्या दिल्या त्याला, पर खरं सांगते, माजा बी हात उचलंना.

गेणबा दांड्याला धरून बसला हुता, त्वांड पांढरंफटक. त्याला काय ऐकू येत आसंल ते मला दिसत हुतं.

साळू उटली. राशीपशी गेली. वरचे दगूड दोन्ही हातांनी बाजूला सारत गेली, पार तळाला पोचली, आन त्यो चपटा काळा दगूड काडला. पोटाशी धरून आनला. मी म्हनलं, साळे, तू नगं जाऊ खाली, ज्याक तिरका हाय. तिनं माज्याकडं बगितलं बी न्हाई. चिखलात आडवी झाली, आन तिरक्या ज्याकाच्या बाजूनं गाडीखाली सरकली.

जरा येळानं गाडीच्या पल्याडनं आवाज आला. "ठिवला."

गेणबा हलला न्हाई. घाम नुसता गळत हुता. मी म्हनलं, आरं, उतरव की. त्यो म्हनला, "कोन बोललं?" मी म्हनलं, साळू बोलली. तर म्हनला, "तवा बी असंच ऐकलं हुतं, आक्के." तिकडं सखूचं वरडनं थांबलं. ते लई वाईट आसतं, बाईनं वरडायचं थांबनं.

साळू गाडीला वळसा घालून आली. सगळी चिखलानं भरलेली. गेणबाच्या म्होरं बसली आन दांड्यावरच्या त्याच्या हातावर आपला हात ठिवला. "गेणबा, मी बोलले. साळू. माजं त्वांड बग. ठिवला."

मग दोघांनी मिळून दांडा फिरवला, आट्याआट्यानं. चाक दगडावर टेकलं आन तितंच ऱ्हायलं.

सखू वाचली. प्वार बी वाचलं, पोरगी. पर मला ते न्हाई आटवत येवडं. मला पौडाची वाट आटवती. सखूचं डोकं माज्या मांडीवर, साळू म्होरं गेणबाच्या बाजूला. मग गेणबा रस्त्यावरची नजर न काडता म्हनला, "वैनी, त्या दिशी म्या खरंच ऐकलं हुतं."

साळू म्हनली, "ठावं हाय. त्याच रातीपासनं मला बी ऐकू येतंय."