पिठातली पावलं

त्या वर्षी गौरींचे मुखवटे कपाटातून बाहेर काढायचेच नाहीत, असं मी ठरवून टाकलं होतं. देवाशी भांडण नव्हतं, नुसता अबोला होता. आदल्या वर्षी गौरी बसल्या होत्या त्याच दिवसांत माझ्या लेकीच्या पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. ती कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हॅलिफॅक्सला, आम्ही तिथून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर, कॅनडातल्याच केंब्रिजला. मी इथे पुरण वाटत होते आणि ती तिथे हॉस्पिटलमध्ये एकटी होती. त्यानंतर मी रोज देवापुढे निरांजन लावत होते, पण हात आपलं काम करत होते, एवढंच. मन त्यात नव्हतं. सासूबाईंनी सोपवलेल्या दोन पितळी मुखवट्यांना मी मऊ कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

त्या वर्षी लेकीला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना उलटला तशी डॉक्टरीणबाईंनी तिला झोपूनच राहायला सांगितलं. जावई कॅनडाच्या नौदलात, त्याची बोट नेमकी समुद्रावर. एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. इथेच वाढलेली मुलगी, मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. ती म्हणाली, "आई, आय ॲम स्केअर्ड. तू ये. अँड ब्रिंग देम." मला वाटलं ती लोणची-मसाल्यांबद्दल बोलते आहे. मग ती हळूच म्हणाली, "गौरी, आई. लास्ट इयर दे वेअर विथ यू. धिस इयर आय वाँट देम." मी फोन ठेवला आणि स्टूल ओढून वरच्या फळीपर्यंत हात नेला. अबोला होताच, पण लेकीने बोलावलं होतं.

आता गौरी न्यायच्या कशा? विमानात पितळी मुखवटे बॅगेत टाकायला माझा जीव होईना. मोटेलात देव मांडायचे तर शेजारच्या खोलीतल्या बियरचा वास. पण आमच्याकडे ट्रेलर होता. हे गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही एक हलका, वापरलेला ट्रेलर घेतला होता. आत एक पलंग, चिमुकलं स्वयंपाकघर, मागच्या कोपऱ्यात वॉशरूम. आमची घरची मध्यम आकाराची एसयूव्ही तो सहज ओढायची. चालवायला मीच बसत असे, कारण यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, आणि खरं सांगायचं तर मी यांच्यापेक्षा बरी चालवते. हे नकाशा धरतात, मी स्टिअरिंग. गाडी असो की घर, माझ्या हातात असलं की मला काळजी नसते. हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही.

सामान मी लावलं, आणि तिथेच घोळ झाला. आमच्याकडे गौरी धान्याने भरलेल्या कोठ्यांवर उभ्या करतात. कोठी म्हणजे कमरेएवढा पत्र्याचा पिंप, त्यावर साडी नेसवायची आणि वर मुखवटा. माहेरी आलेली लेक उपाशी उभी राहू नये, म्हणून आत गहू, तांदूळ. तर रिकाम्या कोठ्या, गव्हाची पोती, तांदळाची पोती, कणकेची मोठी पिशवी, कुकर, पुरणयंत्र, तुपाचे डबे, यांची हत्यारांची पेटी, सगळं माझ्यापुढे पडलं होतं. वॉशरूम मागे, म्हणून देव पुढे, हे उघडच होतं. पुढच्या पलंगावर धुतलेली चादर घातली, तिथे मुखवट्यांची पेटी ठेवली, वर सासूबाईंची शाल पांघरली. देवाजवळ पसारा नको, म्हणून बाकीचं झाडून सगळं मागे कोंबलं. यांनी एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, जड सामान पुढे हवं. मागे वजन झालं तर ट्रेलर शेपूट हलवतो." मी म्हटलं, "देवांच्या उशाशी कांद्याचं पोतं ठेवू का? तुमचं इंजिनिअरिंग इथे नको." हे इंजिनिअर असले तरी नवरेच आहेत. ट्रेलरचं दार लावून निघून गेले.

माँट्रियल मागे टाकेपर्यंत ट्रेलर शहाण्यासारखा मागून येत होता. रस्ता सपाट, वारा नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही त्याच शहरात काढली होती, त्या आठवणी काढत दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी न्यू ब्रन्सविकमध्ये शिरलो आणि चढ-उतार सुरू झाले. गौरींचं आवाहन पुढच्या दिवशी. संध्याकाळच्या आत त्या लेकीच्या उंबऱ्यातून आत यायला हव्या होत्या, म्हणून मी वेग जरा चढाच ठेवला होता. एका लांब उतारावर डावीकडून मोठा ट्रक पुढे निघाला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर मागे हलकासा झुलला. मी स्टिअरिंग सावरलं. तो दुसऱ्या बाजूला झुलला, आधीपेक्षा जोरात. मी पुन्हा सावरलं. मी जितकं सावरत होते तितका तो चेकाळत होता. आरशात ट्रेलर एकदा या खिडकीत दिसे, एकदा त्या. त्याच्याबरोबर आमची गाडीसुद्धा रस्ता सोडू पाहत होती. उजवीकडे कठडा आणि त्याच्या खाली नदी.

तेव्हा मला यांचा विचार आला नाही, माझाही आला नाही. लेक दाराकडे डोळे लावून पडलेली दिसली. आम्ही पोचलोच नाही तर तिला हे कोण सांगेल, आणि ते ऐकून तिच्या पोटातल्या जिवाचं काय होईल? माझा पाय ब्रेककडे निघाला होता. हे ओरडले, "ब्रेक नको! सोड, सोड सगळं!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गौराई, मला नाही आवरत, तू आवर." वर्षभरात मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी पाय उचलला. चाक नुसतं सरळ धरलं, त्याच्याशी झटणं बंद केलं. यांनी वाकून डॅशबोर्डखालचा ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका दाबला. ट्रेलर आणखी एकदोनदा झुलला, मग आळस दिल्यासारखा सरळ झाला. पुढे रस्त्याकडेला थांबायची रुंद जागा होती, तिथे गाडी कशीबशी उभी केली. माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात, यांनी एकेक बोट सोडवलं. मग मी रडले. "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्यांनी आजतागायत म्हटलेलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांचे शंभर अपराध माफ केले आहेत.

चपला बाहेर काढून मी ट्रेलरचं दार उघडलं. कणकेची पिशवी फुटली होती. दारापाशी आणि मागच्या सगळ्या तपकिरी फरशीवर पीठच पीठ. डबे आडवे, कांदे गडगडलेले, कुकर वॉशरूममध्ये. मग मी पुढे पाहिलं. पेटी जिथल्या तिथे होती. शालीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पलंगाला कड होती, पेटी त्या कडेला टेकून बसली असेल.

सामान पुढे न्यायला हवं हे तर आता मलाही कळलं होतं. पण पोती उचलणार कोण? यांना जड उचलायची बंदी, आणि माझ्या अंगात आता तेवढं बळ उरलं नव्हतं. तेवढ्यात मागे एक जुना पिकअप ट्रक येऊन थांबला. त्यातून एक बाई उतरली, चाळिशीची असेल, चौकड्यांचा हिरवा शर्ट, रबरी बूट, केस वर बांधलेले. ती आमच्या मागेच होती, तिने सगळं पाहिलं होतं. ती तिथली फ्रेंच बोलणारी, तिचं इंग्रजी तुटकं, माझं माँट्रियलमधलं फ्रेंच गंजलेलं, पण पोत्याकडे बोट दाखवायला भाषा लागत नाही. ती दारापाशी आली, माझ्या काढलेल्या चपला पाहिल्या आणि न सांगता तिने आपले बूट काढून त्यांच्या शेजारी नीट ठेवले. आत मोजे नव्हते. मग गव्हाचं पोतं लहान मूल उचलावं तसं कडेवर घेतलं आणि पिठातून चालत थेट पुढे गेली.

मी घाईने म्हटलं, "प्लीज, नॉट ऑन द बेड." तिने पेटीकडे पाहून विचारलं, "हू इज देअर?" मी शाल बाजूला करून, पेटी उघडून मुखवटे दाखवले आणि सांगितलं, "टू सिस्टर्स. गॉडेसेस. दे आर गोइंग टू माय डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी." तिने क्षणभर दोन्ही चेहऱ्यांकडे पाहिलं. मग पोतं पलंगाच्या पायाशी, बरोबर दोघींच्या समोर टेकवलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धान्य गौरींपाशीच असायचं असतं! जन्मभर मी स्वतःच्या हातांनी त्यांच्या कोठ्या भरत आले, आणि प्रवासात मात्र ते पसारा म्हणून शेपटाशी कोंबलं. बाकीची पोती आम्ही हातोहात दिली. हे मागून सरकवत, मी मध्ये, ती पुढे रचून ठेवी. शेवटी ती आपल्या पिकअपमधून बटाट्यांची एक पिशवी घेऊन आली, "फॉर द सिस्टर्स" म्हणून मला दारातच दिली. मीही तिला तशी जाऊ देणार नव्हते. गौरींच्या दारी आलेली बाई रिकामी परत जात नाही. मी तिला हळदीकुंकू लावलं आणि नारळ-तांदळाने तिची ओटी भरली. तिने शर्टाचं टोक पुढे धरलं, नारळ कानाशी हलवून पाहिला आणि हसली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून फ्रेंचमध्ये म्हणाली, सगळं छान होईल. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

ती गेल्यावर मी केरसुणी घेऊन आत शिरले आणि दारातच थांबले. तपकिरी फरशीवर दारापासून पलंगापर्यंत पांढरी पावलं उमटली होती. एकामागे एक, ठसठशीत, बोटांसकट. आम्हा दोघांच्या पायांत मोजे होते, त्यांचे नुसते पुसट फराटे होते. आमच्याकडे गौरी आणताना उंबऱ्यापासून जागेपर्यंत अशीच पावलं काढतात. परत येणारी मला एकही दिसली नाही. हे म्हणाले, "तोपर्यंत तळव्यांचं पीठ झडलं असेल गं." असेलही. मी आजूबाजूचं पीठ झाडलं आणि पावलं तशीच ठेवली. त्यानंतर ट्रेलर रुळावरून चालल्यासारखा मागून आला. माझा वेगही बेताचा होता. यांनी उगाचच विचारलं, "स्टिअरिंग द्यायचंय का माझ्याकडे?" मी म्हटलं, "एवढंही काही झालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत आम्ही हॅलिफॅक्सला पोचलो. लेकीला डॉक्टरीणबाईंनी दारापर्यंत यायची तेवढी परवानगी दिली होती. ती खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर औक्षणाचं तबक, पोट चांगलं दिसू लागलेलं. ट्रेलर तिच्या दारासमोरच लावला. मी मुखवटे घ्यायला ट्रेलर उघडला, तर तिला बसल्या जागेवरून आतली फरशी दिसली. तिने विचारलं, "आई, हू मेड दोज?" मी म्हटलं, "मी नाही काढली." ती पावलांकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि वर्षानुवर्षांनंतर तिने मला मराठीत उत्तर दिलं, "मग आल्या त्या. खरंच आल्या." ओवाळताना तिच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगते, भीती नव्हती. कोठ्या गव्हा-तांदळाने भरल्या, दोघी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी नैवेद्याला त्याच बटाट्यांची भाजी होती.

बर्फ पडू लागल्यावर माझी नात जन्मली, दिवस भरून, घर डोक्यावर घेणारा आवाज घेऊन. मी हा चमत्कार होता असं कुणाला पटवायला जात नाही. रस्त्यावर माणसं माणसांना मदत करतात, ट्रेलरचं वजन पुढे हवं असतं आणि पिठातून चाललं की पावलं उमटतात. मला एवढंच माहीत आहे की ज्या क्षणी मी झटणं सोडलं, त्या क्षणी मला सांभाळणारं कुणीतरी होतं. चाक अजूनही मीच धरते, पण आता घट्ट आवळत नाही. त्या अनोळखी बाईला मात्र मी रोज निरांजन लावताना नमस्कार करते, आणि आता मन त्यात असतं.

पुढच्या वर्षी गौरी केंब्रिजला बसल्या आणि लेक माहेरी आली. मी पावलं काढायला रांगोळी घेऊन वाकले, तर तिने मला हाताला धरून बाजूला केलं. परातीत पीठ ओतलं, तिच्या त्या धष्टपुष्ट मुलीला काखेत धरून त्यात उभं केलं आणि दारापासून गौरींपर्यंत एकेक पाऊल टेकवत नेलं. कुठे वाकडं, कुठे अर्धं, कुठे नुसत्या टाचेचं. मला एकही नीट करावंसं वाटलं नाही. मी रिकाम्या हातांनी मागे उभी राहून बघत होते.